लिखा वेचणारी

परवा इंग्रजीच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, बारीकसारीक गोष्टी ज्याच्या नजरेतून सुटत नाहीत, अशा माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी ऐटीत फळ्यावर 'ऑब्झर्व्हंट' लिहिले. पण खडू तिथे थांबेना. त्याखाली 'स्क्रुप्युलस', 'फिनिकी', 'निटपिकर', 'मेटिक्युलस' अशी रांगच लागली. "मग यांतला बरोबर कोणता?" पोरीने पुन्हा विचारले. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली.

माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला कोशाचाच आधार. घरी येऊन तो उघडला. 'ऑब्झर्व्हंट' म्हणजे आपला साधा चौकस माणूस. चहात अर्धा चमचा साखर कमी पडली तरी कपाळाला आठी घालतो, तो 'फिनिकी'. 'स्क्रुप्युलस'च्या पोटात लॅटिनमधला एक टोकदार बारीक खडा आहे. चपलेत खडा टोचावा तशी याला लहानशी चूकही टोचत राहते. आणि 'निट' म्हणजे चक्क लीख! उगाच दोष काढत बसणाऱ्याला साहेब लिखा वेचणारा म्हणतो.

मला हसू आले, आणि लगेच आई आठवली.

दर रविवारी आई ताईला पुढ्यात घेऊन ओसरीवर बसे आणि फणीने तिच्या डोक्यातल्या लिखा काढी. तीच नजर मग घरभर फिरे. मी तिला चिकित्सक म्हणून चिडवीत असे.

ताईचे लग्न झाले. दिवाळसणाला ती आली तेव्हा घर कसे भरून गेले होते. रात्री निजानीज झाल्यावर आई हळूच मला म्हणाली, "अरे, ताई फार घाईघाईनं जेवते. पूर्वी अशी नव्हती."

"आई, सणासुदीला तरी तुझी चिकित्सा पुरे कर!" मी वैतागून बोललो. आई गप्प झाली.

दोन वर्षांनी ताई कायमची परत आली तेव्हा कळले, की सासरी तिला भरल्या ताटावरून उठवीत असत.

कोशातला शेवटचा शब्द राहिला होता, 'मेटिक्युलस'. त्याचे मूळ लॅटिनमधल्या भयवाचक शब्दात आहे. इंग्रजीतही पूर्वी त्याचा अर्थ भित्रा असाच होता. पुढे भय गळून गेले आणि काटेकोरपणा तेवढा उरला. आईच्या नजरेतले भय मात्र कधीच गळले नव्हते. मला फक्त काटेकोरपणा दिसला.

आई आता नाही. यंदा फराळाचे ताट पुढे ठेवताना ताईने माझ्याकडे क्षणभर पाहिले. "रात्री झोप नाही ना रे लागली?"

"नाही लागली," मी म्हणालो आणि तिलाही शेजारी बसवून घेतले. आता ती सावकाश जेवते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितले, "ऑब्झर्व्हंट लिहा. परीक्षेपुरते तेवढे पुरे."