मनाला लावून घेऊ नको

समजूत काढायला कुणी येणार असेल, तरच माणूस रुसतो. ताटावरून उठून गेलेलं पोर काय किंवा लग्नात मानपानावरून तोंड फिरवून बसलेले मामा काय, कुणीतरी हाताला धरून आत नेणार हे दोघांनाही ठाऊक असतं. रुसव्यात हक्क असतो.

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत हा हक्कसुद्धा कायम आणि कंत्राटी असा वाटला गेला आहे. कायम कामगाराच्या नाराजीला युनियन आहे, गेट मीटिंग आहे, काळी फीत आहे, कॅन्टीनच्या जेवणावर बहिष्कार आहे. (ताट नाकारण्याची घरातली रीत कारखान्यात जशीच्या तशी आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.) १९८९ मध्ये पिंपरीच्या टेल्कोचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, सप्टेंबरअखेर पोलिसांनी त्यांना उचललं. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात जवळपास ५० दिवस संप चालला. कामगारांनी कंपनीचे शेअर्स मागितले होते, ते मिळाले नाहीत. तरीही त्यांची नाराजी सगळ्यांना दिसली, पेपरात छापून आली.

महाळुंगे-निघोजेच्या भाड्याच्या खोलीत चौघापाचांत राहणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या कंत्राटी पोराचं तसं नसतं. काही महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळणारच असतो, म्हणजे कामावरून कमी केलं जाणार असतं. लाइनवर चारचौघांत आईवरून शिवी खाल्लेल्या अशा पोराला राग आला का म्हणून विचारा. ‘राग नाही, पण वाईट वाटलं,’ एवढंच तो म्हणेल. राग साहेबांना येतो. ह्याच्या वाट्याला वाईट वाटणं तेवढं उरतं.

आणि शिफ्ट सुटताना शिवी देणाराच खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘मनाला लावून घेऊ नको.’ मला ती शिवी परवडली, हे वाक्य परवडत नाही. जणू शब्द वाऱ्यावर जाणारच होते, ह्यानेच ते पकडून मनाला लावले! बोलणारा मोकळा होतो आणि दुखावल्याचा दोषही दुखावलेल्याच्याच माथी येतो.

घरी फोनवर तो हे सांगत नाही. आई काळजी करेल. खोलीतल्या पोरांपाशी ‘लई खुन्नस आहे त्याच्यावर’ म्हणतो आणि सकाळी पुन्हा पहिल्या शिफ्टची बस पकडतो. मग एके दिवशी येत नाही. ठेकेदार वैतागून म्हणतो, हल्लीची पोरं टिकत नाहीत. त्यातले कितीतरी रुसून गेलेले असतात, असं मला वाटतं. फोन बंद ठेवतात, उरलेला पगार मागायलाही येत नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा पोरगा उभा असतो.