केल्विनचा आकडा आणि रस्त्यावरचा उजेड

बसवनगुडीतून मिनर्व्हा सर्कलच्या पुढे गेलं की जे. सी. रोड लागतो, बेंगळुरूतला गाड्यांच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. हेडलाइटच्या बल्बांच्या खोक्यांवर 4300, 5000, 6000 असे आकडे ठळक छापलेले असतात आणि आकडा मोठा तेवढा उजेड जास्त, असं समजून गिऱ्हाईक मोठ्या आकड्याकडे हात नेतं. पण हे आकडे केल्विनचे, आणि केल्विन हे रंगाचं माप आहे. मेणबत्तीचा उजेड साधारण 1900, साध्या हॅलोजनचा 3200च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा 5500. उजेड एकूण किती निघतो ते लुमेनमध्ये मोजतात. गांधी बझारातल्या फिल्टर कॉफीचा रंग पाहून पेल्यात कॉफी किती आहे ते सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून माझं म्हणणं असं, की उजेड पडतो कुठे, बल्बपर्यंत व्होल्टेज किती पोचतं आणि लुमेन किती, हे तीन प्रश्न सुटल्यावरच रंगाचा विचार करावा.

हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार तापून उजेड देते. टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला, म्हणजे 3695 केल्विनला वितळतं. तेव्हा तारेच्या बल्बातून 5000 केल्विनचा उजेड मुळात निघूच शकत नाही. तो तसा दिसतो, कारण काचेवरचा निळा लेप तांबडा-पिवळा भाग अडवून धरतो. पांढरेपणासाठी आपण पैसे मोजतो ते उजेड वजा करण्याचे. ती तूट भरून काढायला तार आणखी तापवली, तर बल्ब लवकर जातो. प्रमाणित 60/55 वॅटचा एच-फोर बल्ब 13.2 व्होल्टला अप्परवर सुमारे 1650 आणि डिपरवर 1000 लुमेन देतो. पण जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज गळतं. होल्डरवर 12 व्होल्टच पोचले, तर पाव भागाहून जास्त उजेड गेलाच म्हणून समजा, कारण व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. रिले आणि जाड वायर टाकून हा उजेड परत मिळतो. भारी बल्बाची गरजच उरत नाही.

‘मग सरळ 100/90 वॅटचा टाकू,’ असं कुणी म्हणेल. त्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक जाते आणि वायरिंग धोक्यात येतं. एलईडी किटची अडचण वेगळी आहे. एच-फोरमध्ये डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून झोत वर उडत नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून जराशी सरकली, तरी उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कंपनीतूनच 6000 केल्विनच्या आसपासचे एलईडी लावून येणाऱ्या गाड्यांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे भिंग आणि रिफ्लेक्टर त्या चिपसाठीच घडवलेले असतात. श्रेय त्या रचनेचं, रंगाचं नव्हे. अंधुक उजेडात नजरेच्या कडांना निळसर प्रकाश जास्त जाणवतो, हेही खरं. मात्र तोच निळसरपणा समोरच्या डोळ्यांना, विशेषतः उतारवयातल्या डोळ्यांना, जास्त त्रास देतो.

उलट बाजूने पिवळ्याचे चाहते म्हणतात, पिवळा उजेड धुकं भेदतो. बेळगावहून आंबोली घाटात उतरणाऱ्यांचा तर हा ठाम विश्वास. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात, की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्सने 1993 पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले आणि मग ती सक्ती सोडून दिली. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला आणि वरून कापलेल्या झोताचा असतो म्हणून. पिवळा डोळ्यांना सुखावत असेल तर जरूर लावावा, पण त्याच्या भरवशावर वेग वाढवू नये. ओला काळा डांबरी रस्ता उजेड पुढेच परावर्तित करतो, आपल्याकडे फार थोडा परत येतो. त्यावर कुठल्याही रंगाचा बल्ब हा उपाय नाही.

शहरात गोष्ट आणखी वेगळी. बसवनगुडीच्या बुल टेंपल रोडवर कार्तिकात कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते, तेव्हा माणसं रस्ताभर असतात. दिवे असलेल्या अशा रस्त्यावर डिपरचं मुख्य काम आपली गाडी इतरांना दिसावी एवढंच. डिपरने समोरच्याला दिपवू नये, हे 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही अभिप्रेत आहे, आणि जुलै 2024 पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली. तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवावा: उन्हाने पिवळं पडलेलं हेडलाइटचं प्लॅस्टिक आधी साफ करा, मग भिंतीवर झोत पाडून फोकस बसवा, मग व्होल्टेज मोजा. त्यानंतर मूळ वॅटचा, स्वच्छ काचेचा बल्ब घ्या. एवढं केल्यावर अंधाऱ्या हायवेवरही बहुतेकांना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाचायची गरज भासणार नाही.