केसांचे वळण

आमच्या घरी मुलींना आणि त्यांच्या केसांना एकाच वेळी वळण लावले जाई. रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी आई माझ्या डोक्यावर खोबरेल थापून दोन घट्ट वेण्या घाली. पुढे तोच कंगवा मी माझ्या लेकीच्या केसांतून फिरवू लागले. तिच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या सकाळी, वेल लावताना, ती रडवेली होऊन म्हणाली, “मम्मी, माझे केस वाईट आहेत का गं?” मला उत्तर सुचले नाही.

त्या संध्याकाळी तिचे केस धुतले आणि न विंचरता तसेच वाळू दिले. मुळाशी सरळ असलेले केस कानापासून नागमोडी लहरत खाली आले. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांचे सरळ, लहरी, कुरळे आणि अतिकुरळे असे चार प्रकार मांडले. त्यांतला दुसरा प्रकार आमचा! कोरडे विंचरले की लहर मोडते आणि केस पिंजारतात; तोच आम्ही केसांचा हट्टीपणा समजत होतो. केसाची लहर त्वचेखालील मुळाच्या घडणीतच ठरते, कंगव्याने नव्हे.

दुसऱ्या दिवशी मीही माझे केस तसेच वाळू दिले. आरशात लेकीचीच लहर दिसली.

आपल्या डोक्यावरील केसांचीही मोजदाद ठेवणाऱ्या पित्याने दिलेले वळण मी इतकी वर्षे खोडत होते. लेकीची क्षमा मागितली. आता ओल्या केसांतून मोठ्या दातांची फणी हळूच फिरते आणि रविवारची सकाळ रडण्यावाचून उजाडते.