नीरेपलीकडचे माहेर

पुण्याहून वाई म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या लेखी परसदार! पण २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि नीरेच्या पुलापलीकडचा सातारा जिल्हा परमुलूख झाला. तिकडे सासूबाई एकट्या. इकडे मी भाजी धूत बसे आणि ही रोज फोनवर विचारी, "आई, जेवलीस ना?"

सप्टेंबरात ई-पासची अट उठली, तसा आम्ही खंबाटकी घाट ओलांडला. सासूबाई ओट्यावर, लेक अंगणात. मध्ये चार हात अंतर. "पुढे येऊ नकोस गं," म्हणत त्यांनी लाडवांचा डबा पायरीवर ठेवला आणि मागे सरल्या.

परतताना बोगदा सुटला तरी ही गप्पच. नीरेवर म्हणाली, "आई फार वाळलीय हो."

प्रवासवर्णने शिकवणारा मी. मला शब्द सुचला नाही.