असोसिएट, पण कुणाचे?

नोकरी मिळणे एक वेळ सोपे, पण तिचा हुद्दा इंग्रजीत नीट सांगणे महाकठीण. साहेबाने 'क्लार्क' दिला, आपण त्याचा 'किलार्क' केला आणि अंबडच्या बाजारात दोघेही सुखाने नांदले. मधे 'सिंगल विंडो ऑपरेटर' आले. चेक, कॅश, पासबुक, सारे एकाच खिडकीत; तेव्हा 'डिपार्टमेंट'च्या रकान्यात 'खिडकी' लिहिणेच प्रामाणिकपणाचे!

स्टेट बँकेत आता 'ज्युनियर असोसिएट' भरतात (चाळिशी उलटल्यावर 'ज्युनियर' म्हणवून घ्यायचे म्हणजे!), आणि २०२५ मध्ये आयबीपीएसच्या भरतीतूनही क्लार्क जाऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' आला. शेजारच्या चिरंजीवांनी लग्नाच्या बायोडाटात तेच छापले. पाहुणे आले. मुलीच्या मामांनी चष्मा चढवून कागद वाचला.

"सोसायटीत आहेत म्हणा की. पगार होतो का येळेवर?"

मुलाचा चेहरा उतरला. वडील घाईघाईने म्हणाले, "सोसायटी नाही हो, असोसिएट! म्हणजे सहकारी."

'सहकारी' ऐकून मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

शेवटी मीच मधे पडलो. "मामा, सरकारी बँकेत किलार्क आहे."

"मंग आधी तसं लिहायचं की!" मामा म्हणाले आणि बशी पुन्हा जवळ ओढली.