चकली काही खाईना!

मराठी घरातली सगळ्यात मोठी इमर्जन्सी कोणती? नोकरी जाणं? नाही. ब्रेकअप? नाही. शेअर बाजार कोसळणं? तेही नाही. ‘अगं, तो जेवला नाही!’ ही खरी इमर्जन्सी. कुणी ताट बाजूला सारलं की आई, आजी, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या कामाला लागतात. मेतकूट-भात कालवू? वरून तूप घालू? दृष्ट काढू? आपण सगळेच या ‘फक्त एक घास’ स्कूलचे पासआऊट. त्यामुळे जेमतेम सहा ग्रॅम वजनाचा एक जीव माझ्या घरी आला आणि त्यानं आठवडेच्या आठवडे अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा माझी काय हालत झाली असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जीव म्हणजे साप. हो, सापच! दचकू नका, बिनविषारी होता.

झालं असं, की २०२३ मध्ये नवऱ्याला कंपनीनं ऑनसाइट पाठवलं, इंग्लंडमध्ये लीड्सला. मागोमाग मीही गेले. तो सकाळी आठला बाहेर पडायचा, मी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून पुण्या-मुंबईच्या एडिटर लोकांना ई-मेल टाकत बसायचे. फ्रीलान्सिंगचा फंडा फार सिंपल आहे : दहा मेल पाठवायचे आणि अकरावा पाठवायची हिंमत होईपर्यंत चहा पीत बसायचं.

नवरा मूळचा सांगलीकडचा. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीच्या गोष्टी ऐकत वाढलेला. कॉलेजात असताना सर्पमित्रांच्या मागे बॅटरी धरून हिंडलेला. पण आपल्याकडे साप पाळायचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. इंग्लंडमध्ये मात्र कॉर्न स्नेक हा मांजरीइतका नसला, तरी बऱ्यापैकी कॉमन पेट आहे. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरायचा म्हणून हे नाव पडलं असं काही जण म्हणतात, पोटावरची काळी-पांढरी नक्षी मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून पडलं असं बाकीचे म्हणतात. पाळलेल्या जोड्यांचीच पिल्लं विकली जातात, त्यासाठी लायसन्स लागत नाही.

नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका कलीगकडे अशीच एक मादी होती. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला तिच्या अंड्यांतून चौदा पिल्लं निघाली. आठ-दहा दिवसांनी सगळ्यांनी पहिली कात टाकली. त्यानंतरच ती खायला लागतात. तेरा जणांनी निमूटपणे पहिला घास घेतला. चौदाव्यानं तोंड फिरवलं. न खाणारं पिल्लू चांगला ब्रीडर विकत नाही आणि कुणी घेतही नाही. कलीगला पुढच्या आठवड्यात महिन्याभरासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. तो नवऱ्याला म्हणाला, ‘तुला आवड आहे, घेऊन जा. खाल्लं तर जगेल.’

एवढंच. खाल्लं तर जगेल.

पेन्सिलपेक्षा बारीक, वीतभर लांब आणि नारिंगी. टिश्यू पेपरवर वेटोळं करून बसलेलं ते पिल्लू बघून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला ‘चकली’. तेच नाव पडलं. दिवसभर घरी मी आणि चकली. म्हणजे जबाबदारी कुणावर, ते आलंच!

मेन्यू फिक्स, गिऱ्हाईक नाही

सापाच्या पिल्लाचं जेवण म्हणजे ‘पिंकी’. नुकतंच जन्मलेलं, केस न फुटलेलं उंदराचं गुलाबी पिल्लू. पेट शॉपमध्ये गोठवलेलं पाकिटातून मिळतं. मी अंडं फोडतानासुद्धा नाक मुरडणारी मुलगी. आमच्या फ्रीजरमध्ये खोवलेलं खोबरं, फ्रोजन पराठे आणि त्यांच्या खाली, तीन पिशव्यांत गुंडाळलेल्या वेगळ्या डब्यात, हे. आईला व्हिडिओ कॉलवर किचन दाखवताना मी फ्रीजचं दार कधीच उघडलं नाही.

पिंकी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नसते, ती बाहेरून शिजते आणि फुटते. आधी फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्यायची, मग छोट्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धरायची, आतून गार राहता कामा नये. २२ जुलैच्या रात्री हे सगळं शास्त्रशुद्ध करून आम्ही पिंकी एका झाकणावर ठेवली, दिवा मालवला आणि दाराआडून कान देऊन बसलो. जणू सापाच्या जेवणाचा आवाज येणार होता! सकाळी पिंकी जागच्या जागी. चकली टिश्यूखाली.

सहा दिवसांनी दुसरा प्रयत्न. या वेळी नवऱ्यानं पिंकी लांब चिमट्यात धरून हळूच हलवली, जिवंत वाटावी म्हणून. चकलीनं शेपटी इतक्या जोरात थरथरवली की टिश्यू पेपर वाजायला लागला. मग ती डब्याच्या दुसऱ्या टोकाला पळाली. सहा ग्रॅमच्या जिवाला समोरून येणारी प्रत्येक वस्तू आपल्याला खायलाच आलीय असं वाटतं. जंगलात ते बहुतेक वेळा खरंही असतं.

मी सोनाराकडे असतो तसा पॉकेट काटा मागवला आणि एक वही केली. आली तेव्हा ६.२ ग्रॅम. दुसऱ्या नकारानंतर ५.९.

डब्याची सगळी तपासणी झाली. एका बाजूला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, तिथे २८ ते ३० अंश. दुसरी बाजू गार. पाण्याची वाटी, लपायला दोन जागा. उब कमी पडली तर साप खात नाही, कारण खाल्लेलं पचवायला त्याला बाहेरची उबच लागते. पण आमचा पारा बरोबर होता. म्हणजे चूक डब्याची नव्हती. चकलीला फक्त पटत नव्हतं.

त्याच सुमारास, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंडमधल्या कितीतरी शहरांत स्थलांतरितांच्या विरोधात दंगली उसळल्या. नवऱ्याच्या टीमच्या ग्रुपवर मेसेज आला, वीकएन्डला सिटी सेंटरकडे फिरकू नका. पुण्याहून दिवसाला चार फोन. ‘खिडक्या लावल्यात ना? भाजी आहे ना घरात?’ ३ ऑगस्टचा शनिवार आम्ही पडदे ओढून घरात काढला. त्या रात्री चकलीसाठी तिसरा उपाय केला : वाटीएवढा छोटा डबा, झाकणाला बारीक भोकं, आत चुरगळलेला कागद, एक पिंकी आणि पूर्ण अंधार. अडचणीच्या जागेत पिल्लांना सेफ वाटतं, मग भूक आठवते, असं म्हणतात. मला ते चटकन पटलं. त्या दिवशी मलाही आमचं छोटंसं किचन सोडून कुठे जावंसं वाटत नव्हतं.

सकाळी डबा उघडला. पिंकी तशीच. ५.७ ग्रॅम.

दूध, सुरी आणि सासूबाई

एव्हाना बातमी दोन्ही घरी फुटली होती. आईनं आधी पाच मिनिटं ‘साप? घरात? झोपता कुठे तुम्ही?’ केलं. मग स्वभावाप्रमाणे विचारलं, ‘जेवत का नाही गं? दूध देऊन बघितलंस का?’

साप दूध पीत नाही, हे आपण शाळेत शिकतो आणि श्रावणात विसरतो. पिल्लाला दूध पाजणारे प्राणी सस्तन, साप त्यातला नाही, आणि दूध त्याच्या आहारातच नाही. गारुड्याचा नाग पितो, कारण त्याला आधी कितीतरी दिवस तहानलेला ठेवलेला असतो. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं, मग काय देतेस?’ मी म्हटलं, ‘आई, आवाज कट होतोय.’

पुढचा उपाय जरा जड होता. पिंकीच्या डोक्याला सुईनं किंवा ब्लेडनं बारीक चीर द्यायची, म्हणजे आतला वास बाहेर येतो आणि कितीतरी हट्टी पिल्लं त्या वासाला भुलतात. वाचून शहारे येतात ना? मलाही आले होते. पण ५.७ हा आकडा वहीत लिहिलेला होता. शुक्रवारी, ९ ऑगस्टला करायचं ठरलं.

सकाळी सांगलीहून सासूबाईंचा फोन. ‘आज नागपंचमी आहे हो. काही चिरू नका, कापू नका, तवा ठेवू नका. दिंडं उकडा.’ त्या मोठ्या श्रद्धेनं सांगत होत्या आणि इकडे ओट्यावर ब्लेड तयार होतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नागपंचमीच्या दिवशी, सापाच्याच जेवणासाठी, ब्लेड चालवायचं? आम्ही दोघंही सोवळ्यातले वगैरे नाही. पण ब्लेड ड्रॉवरमध्ये गेलं. मी पुरणाची दिंडं उकडली, ती थोडी फुटली, आम्ही खाल्ली. चीर शनिवारी दिली.

चकलीनं जवळ येऊन जीभ बाहेर काढली, दोनदा, तीनदा. मग मागे फिरली. ५.५.

आता नवऱ्याचा धीर सुटला. ‘तोंड उघडून आत घालू या. मरायची वाट बघायची का?’ तो चिडला नव्हता, घाबरला होता. फोर्स-फीडिंग हा उपाय आहे, नाही असं नाही. पण तो शेवटचा. एवढ्याशा जबड्याला इजा होऊ शकते, आणि धास्तावलेलं पिल्लू गिळलेलं ओकून टाकतं, म्हणजे होती तीही ताकद गेली. त्या रात्री आमचं भांडण झालं. सापावरून सुरू झालं आणि ‘तू इथे रुळायचा प्रयत्नच करत नाहीस’पर्यंत पोचलं. खरं तर मीही रोज कुणाच्या ना कुणाच्या चिमट्यात होते. ‘जॉब बघितलास का? तिथलं लायसन्स काढलंस का? गुड न्यूज कधी?’ सगळे प्रेमानंच घास पुढे करत होते. पण तोंडासमोर काही हललं की मी दुसऱ्या टोकाला पळत होते.

सोमवारी आम्ही तिला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या. त्यांनी तोंड तपासलं, पोट चाचपलं, वही वाचली. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते काही आठवडे तग धरतं, असं त्यांनी समजावलं. वजन हळूहळू उतरतंय, एकदम कोसळत नाहीये. महिनाअखेरपर्यंत थांबा, नाहीच खाल्लं तर इथे आणा, मी भरवीन. तोवर मध्ये पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवा, हात लावू नका, डब्यात सारखं डोकावू नका. आणि जाता जाता म्हणाल्या, तिला उंदीर हे जेवण आहे हेच बहुतेक माहीत नाही.

पालीचा वास

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉर्न स्नेकची जंगली पिल्लं सुरुवातीला उंदरांवर जगतच नाहीत. ती छोट्या पाली-सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. उंदीर नंतर, अंगात ताकद आल्यावर. सापाला चव कळण्याआधी वास कळतो. जिभेच्या दोन टोकांनी तो हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवतो. तिथून ‘हे अन्न’ असा सिग्नल आला नाही, तर समोर छप्पन्न भोग मांडा, उपयोग शून्य.

म्हणजे हवा होता पालीचा वास. पुण्यात आमच्या ट्यूबलाइटमागे तो फुकट होता! लीड्समध्ये आम्ही बस बदलून एका पेट शॉपमध्ये गेलो आणि तिथल्या मुलाकडे अनोल नावाच्या छोट्या हिरव्या सरड्याची टाकलेली कात मागितली. त्यानं अजिबात आश्चर्य न दाखवता ती कागदी पुडीत बांधून दिली, वाण्यानं हिंग द्यावा तशी.

१७ ऑगस्ट, शनिवार. पिंकी साध्या पाण्यानं धुतली, तिचा स्वतःचा वास कमी व्हावा म्हणून. कोरडी केली, गरम केली, ओलसर कातीवर घोळवली आणि तिचा एक तुकडा नाकावर चिकटवला. छोटा डबा, चुरगळलेला कागद, अंधार. दरवाजा बंद. नवरा म्हणाला, ‘बघायचं नाही.’ मी म्हटलं, ‘तूच बघू नकोस.’ रात्रभर दोघंही पाण्याच्या निमित्तानं उठत होतो आणि पॅसेजमध्ये एकमेकांना भेटत होतो.

सकाळी डब्यात पिंकी नव्हती. आधी वाटलं, कागदाखाली सरकली असेल. मग चकली दिसली. अंगाच्या मध्यावर एक फुगवटा, सुपारीएवढासुद्धा नाही, बडीशेपेच्या गोळीएवढा. मी ओरडले नाही, कारण दचकून तिनं ओकलं असतं तर? आम्ही तोंडावर हात ठेवून किचनमध्ये नाचलो. पुढचे दोन दिवस तिला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर दर सहा दिवसांनी एक पिंकी. कातीचा तुकडा दर वेळी थोडा लहान. पाचव्या पिंकीला कात नव्हतीच, तरी तिनं ती घेतली. डॉक्टरीणबाईंना मी फोन करून कळवलं. ऑक्टोबरमध्ये तिच्या वहीत ९.४ लिहिलं, आणि त्याच महिन्यात पुण्याच्या एका एडिटरनी माझ्या अकराव्या मेलला उत्तर दिलं. दोन्हींचा संबंध काही नाही. पण नवरा तेव्हापासून ‘आज काय लिहिलंस?’ हे रोज विचारायचा थांबला होता, हे मात्र खरं.

प्रोजेक्ट संपलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही परत आलो. सापाला विमानात घालून भारतात आणणं हे परवानग्यांचं मोठं लफडं, आणि तिच्यासाठी प्रवास त्याहून मोठा. चकली परत त्याच कलीगकडे गेली, सोबत ती वही. त्याच्याकडे तिच्या जन्मदात्रीचा टँक शेजारीच आहे, पण साप असली नाती मानत नाहीत. त्यानं वही चाळली आणि म्हणाला, चौदांपैकी सगळ्यात जास्त माहिती हिचीच आहे.

तो अधूनमधून फोटो पाठवतो. कॉर्न स्नेक चार-पाच फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, त्यामुळे हे फोटो बरीच वर्षं येत राहतील. आईला मी ते दाखवते. ती अजूनही चष्मा काढून, फोन लांब धरून, एक डोळा मिटून बघते. आणि फोन परत देताना न चुकता विचारते, ‘जेवते ना गं नीट?’