कागद आधी दाखवा

एडिनबरातल्या कॅल्टन टेकडीवर दगडांची एक रास आहे आणि तिच्या माथ्यावर लोखंडी शेगडी. स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळावी म्हणून १९९२पासून लोक इथे टेकडीच्या कडेला रात्रंदिवस बसले होते. १९९७च्या सार्वमतात कौल मिळाला, तेव्हाच उठले. ती शेगडी त्यांची. त्याच वर्षांत आमच्याकडे, अक्कलकुवा तालुक्यात, मणिबेली गावाचे लोक सरदार सरोवर धरणाच्या विरोधात नर्मदेच्या काठी ठाण मांडून होते.

इथे एडिनबरात माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी अजून १९७९च्या सार्वमतावर चिडतात. त्या वेळी ५१.६ टक्के मतं स्कॉटलंडच्या सभेच्या बाजूने पडली, तरी सभा मिळाली नाही. मतदार यादीतल्या चाळीस टक्के लोकांनी होकार द्यायलाच हवा, अशी अट होती. म्हणजे घरी बसलेला प्रत्येक जण विरोधकांच्या पारड्यात. ही अट सत्ताधारी पक्षाच्याच जॉर्ज कनिंगहॅम या खासदाराने सरकारचं न ऐकता आणली होती. आजींना ते पटत नाही. त्यांच्या मते सगळा लंडनचा डाव. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण स्कॉटलंडला तेलातून किती पैसा मिळू शकेल हे सांगणारा गॅव्हिन मॅक्रोन यांचा सरकारी अहवाल १९७४पासून गुप्त होता. तो लोकांसमोर आला २००५ साली!

आपल्याकडे गोव्यातही १६ जानेवारी १९६७ला असाच जनमत कौल झाला. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचे. ते खुर्चीवर असताना कौल निर्मळ कसा होणार, असं विरोधक म्हणाले. डिसेंबर १९६६मध्ये सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आपल्या लोकांना ते फार लागलं. मला मात्र त्या राजीनाम्याचा अभिमान वाटतो. पुढे काही महिन्यांतच गोवेकरांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं.

मणिबेलीला कुणी कौल विचारलाच नाही. सरदार सरोवराची पाहणी करणाऱ्या मोर्स समितीने १९९२मध्येच लिहून ठेवलं की बाधितांशी सल्लामसलत झालेली नाही. १९९३च्या पावसाळ्यात घरांत पाणी शिरलं. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा, असं सांगणारा पेसा कायदा आला १९९६च्या डिसेंबरात.

आता ग्रामसभेला विचारतात. पण परवा गावाकडून मामांचा फोन आला: रजिस्टरवर अंगठे आधी घेतले, ठराव मागून लिहिला. मी त्यांना म्हटलं, मामा, पुढच्या सभेत ठराव आपल्या भिलोरी बोलीत मोठ्याने वाचायला लावा, त्याची नक्कल हातात घ्या, आणि तोवर कुणालाही अंगठा देऊ देऊ नका.